नाकावाटे दुबई

मार्च २०२० मध्ये आमच्या संसारात सरकारने पहिल्यांदा लक्ष घातलं. कोरोनामुळे पासष्टीच्या पुढच्यांनी घरातच थांबावं, असा सल्ला निघाला. हे पासष्टीच्या पलीकडे, मी अलीकडे. एकाच घरात, एकाच दुधाच्या पिशवीवर जगणाऱ्या दोघांपैकी एक बंदिवान आणि एक जामिनावर, अशी आमची वाटणी झाली. भाजीला मी, औषधांना मी, बँकेत मी. हे खिडकीशी. रेल्वेच्या लेखा खात्यात हयात घालवलेल्या माणसाला काम नसलं की हिशेब सुचतात. यांनी वही घातली: मी किती वाजता बाहेर पडले, किती वाजता परतले, शेरा.

"आज उशीर झाला."

"रांग होती."

"काल पण रांगच होती. काल वेळेत आलीस."

या वहीचं पुढे ऑडिट मीच केलं. म्हणजे ती रद्दीत घातली.

मग वयाचा भाव शेअर बाजारागत वरखाली होऊ लागला. रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट-सवलत त्याच मार्चमध्ये बंद केली. पुढच्या वर्षी १ मार्चला साठीच्या वरच्यांना लस खुली झाली आणि आम्ही एकाएकी मानाचे ठरलो. ज्या शेजाऱ्यांनी आमच्या केसांकडे आजवर दयेने पाहिलं होतं, ते हेव्याने पाहायला लागले. पण दोन डोस घेतलेल्यांना लोकलमध्ये चढायची मुभा मिळायला १५ ऑगस्ट उजाडला. आपण म्हातारे झाल्याचा फायदा आहे की तोटा, हे रोज सकाळी पेपर वाचल्याशिवाय कळत नव्हतं.

अशात दुबईहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मावशी, इथे एक्स्पो लागलंय. १९२ देशांचे मंडप. तिकीट ९५ दिरहम, पण साठीच्या वरच्यांना फुकट."

फोन स्पीकरवर होता. हे खिडकीपासून उठून टेबलापाशी आले. दीड वर्षात त्यांनी एवढं अंतर एका दमात कापलं नव्हतं.

मी भूगोलाची शिक्षिका. सगळी नोकरी भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवण्यात गेली. ब्राझील कुठे, बेल्जियम कुठे, हे मी झोपेतही दाखवेन. पण स्वतः नकाशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. एकाच मैदानावर सगळं जग मांडलंय, असं ऐकल्यावर माझ्यातली छडी जागी झाली. यांचं जग 'फुकट' या शब्दापाशी थांबलं होतं. कारणं दोन, निर्णय एक. आमच्या संसारातले बहुतेक ठराव असेच मंजूर झालेत.

प्रदर्शनाचं नाव 'एक्स्पो २०२०'. ते सुरू झालं १ ऑक्टोबर २०२१ला आणि चालणार होतं ३१ मार्च २०२२पर्यंत. महामारीने तारीख ढकलली, पण पाट्या, टोप्या, नाणी, मेट्रोचं स्टेशन, सगळ्यावर २०२० तसंच ठेवलं होतं. मला हे हास्यास्पद वाटलं. यांना अजिबात नाही. "त्यात काय? मागच्या वर्षीचा खर्च चालू वर्षात दाखवायचा. आम्ही रेल्वेत दर मार्चला हेच करायचो."

तिकिटं काढली आणि २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या नव्या प्रकाराचं 'ओमिक्रॉन' असं बारसं केलं. नातेवाईकांचे फोन सुरू झाले. "या वयात? आत्ता?" वन्सं म्हणाल्या, धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, आयुष्यात कर्जतच्या पुढे न गेलेले व्याही म्हणाले. यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत." आमच्या पार्ल्यात यापुढे युक्तिवाद चालत नाही. लोकांनी फोन ठेवताना "काळजी घ्या" म्हटलं आणि त्या सुरातून "तुमची मर्जी" असं ऐकू आलं.

मार्च २०२० पासून नेहमीची आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंदच होती. दोन देशांनी आपसात ठरवलेल्या 'एअर बबल'मधून विमानं ये-जा करत होती. बुडबुड्यातून प्रवास करायचा तर कागद भक्कम हवेत, असं यांनी ठरवलं. फाईल उघडली. लसीची प्रमाणपत्रं, पंतप्रधानांच्या फोटोसकट, रंगीत. व्हिसा. विमा. ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर. प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि मूळ प्रती लॅमिनेट करून. "पाऊस आला तर?" मी म्हटलं, "अहो, वाळवंट आहे ते." "म्हणून काय झालं? आला तर?"

एवढं करून भागत नव्हतं. उड्डाणाच्या आधीच्या सहा तासांत विमानतळावरच आणखी एक रॅपिड पीसीआर लागायची. आमच्या घरापासून विमानतळ रिक्षाने पंधरा मिनिटांवर. तिथून दुबई तीन तासांवर. आणि या दोहोंच्या मधले तास नाकाचे. त्या चाचणीला जे पैसे पडले, त्यांत पूर्वी आमचं दोघांचं महाबळेश्वर व्हायचं, स्ट्रॉबेरी धरून. नमुना देऊन आम्ही खुर्च्यांवर बसलो. हॉलमध्ये बॅगा घेतलेली शंभरेक माणसं आणि आवाज कुणाचा नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या नाकाकडे संशयाने बघत होता. एकजण शिंकला, तर त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या झाल्या.

निकाल चांगला आला आणि यांनी फाईल छातीशी धरून काउंटरकडे कूच केलं. तिथल्या मुलीने क्यूआर कोडवर यंत्र धरलं. काही नाही. पुन्हा धरलं. काही नाही. वरचे दिवे लॅमिनेशनवर असे चमकत होते की यंत्राला नुसता उजेडच दिसत होता. यांनी कागद डावीकडे कलवला, उजवीकडे कलवला, शेवटी डोक्यावर धरून स्वतः गुडघ्यात वाकले. मागचा तरुण म्हणाला, "काका, मोबाईलवर दाखवा ना." मी माझा मोबाईल पुढे केला. यंत्र टुक् करून वाजलं. त्या टुक्चा राग हे मानतील असं वाटलं होतं, पण हे मुलीला म्हणाले, "हिच्या मोबाईलवरची प्रत माझ्याच फाईलवरून काढलेली आहे."

दुबईत उतरल्या उतरल्या पुन्हा नाक. इथवर आमच्या नाकांना इतका सराव झाला होता की कुणी पांढरा कोट दिसला की हे आपणहून मान मागे टाकायचे. पुढे एकदा कपड्यांच्या दुकानातल्या पांढऱ्या शर्टाच्या विक्रेत्यापुढेही त्यांनी टाकली.

भाच्याचं घर करामा भागात. खाली डोशाचं दुकान, समोर पाणीपुरी, शेजारी मल्याळी न्हावी. जगाच्या नकाशाबाहेर पाऊल टाकायचं म्हणून आलेली मी पहिल्या संध्याकाळी माटुंग्यातच उतरले की काय, असं मला वाटलं. फरक एकच. मास्क नाकाखाली घसरला तर पार्ल्यात दंड दोनशे रुपये होता; इथे तीन हजार दिरहम. दिरहम तेव्हा वीस रुपयांच्या आसपास. यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मास्कवर मास्क चढवला.

मेट्रोला चालक नाही. यांनी पुढच्या काचेपाशी उभं राहून खात्री करून घेतली, आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटायचं ते उमटलं. डब्यात खाण्यापिण्याला मनाई, दंड शंभर दिरहम. पण यांना ठरल्या वेळी पोटात काही लागतं. मला कुठून तरी कुरकुर आवाज यायला लागला. बघते तर हे निर्विकारपणे बाहेरच्या इमारती पाहताहेत, आणि त्यांचा मास्क गालापाशी हलतोय. घरून निघताना त्यांनी दोन बाकरवड्या मास्कच्या आत बसवल्या होत्या. छतावर कॅमेरे, समोर पाटी, आणि आत पुण्याचा माल. सबंध महामारीत मास्कचा असा उपयोग जगात कुणी केला नसेल.

एक्स्पोच्या दारात ज्येष्ठांसाठी सोय होती. मी पासपोर्ट काढून हातात धरला, वयाचा पुरावा म्हणून. दारावरच्या मुलाने मास्कच्या वरचे माझे केस पाहिले (टाळेबंदीत मी रंग लावणं सोडलं होतं) आणि हसून आत जायची खूण केली. पुरावा मागितलाच नाही. यांनी मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी मेंदी लावलेली. त्यांना थांबवलं. पासपोर्ट उघडून जन्मतारीख पाहिली, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी हे मला दर तासाला विनाकारण सांगत होते, "मला विचारलं हं त्याने."

आत शिरल्यावर माझा भूगोल कोसळला. देश खंडांप्रमाणे नव्हते. संधी, गतिशीलता, शाश्वतता अशा तीन विभागांत विखुरले होते. ज्यांच्या सीमा भिडतात ते लांब, आणि ज्यांच्यात महासागर ते जवळ. सीमा कुठेच नव्हत्या. रांगा मात्र होत्या. पण रांगेत ज्येष्ठांना पुढे घेत. सौदी अरेबियाच्या तिरक्या, अवाढव्य मंडपासमोर शेकडो तरुण उन्हात उभे, आणि आम्ही दोघं त्यांच्या बाजूने आजारी असल्यासारखं चालत थेट दारात. पार्ल्यात वय झालं म्हणून दार लावून घ्यायला सांगितलं होतं, इथे वय झालं म्हणून उघडत होते. मी यांना म्हटलं, "जरा लंगडा." हे म्हणाले, "गरज नाही. खरंच गुडघा दुखतोय."

ब्राझीलच्या मंडपात जमीनच नव्हती, घोट्याएवढं पाणी होतं. ॲमेझॉनचं खोरं मी इतक्या वर्गांना शिकवलं, उपनद्या पाठ करून घेतल्या, न येणाऱ्यांना उभं केलं. आता चपला हातात घेऊन, सलवार वर धरून मी त्यात उतरले. पाणी कोमट होतं, तळाशी फरशी होती, शेजारी एका अरब कुटुंबाची पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. मला इतका आनंद झाला की पुस्तकात हे खोरं किती चौरस किलोमीटर दिलं होतं ते मी विसरले.

नेदरलँड्सने मंडपात हवेतून पाणी काढून शेती पिकवली होती आणि आत जाताना प्रत्येकाच्या हातात पांढरी छत्री दिली होती. अंधारात तिच्यावर चित्रं उमटायची. "परत द्यायची का?" हा यांचा पहिला प्रश्न. इटलीत मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची त्रिमितीय छपाईने केलेली प्रतिकृती होती, पण अशी बेताने उभी केलेली की आम्हाला डोकं आणि खांदेच दिसले. हे खाली वाकून बघणार तोच मी दंड धरला. "बाकीचा विलगीकरणात दिसतोय," असं म्हणून ते सरळ झाले. ब्रिटनच्या मंडपात प्रत्येक पाहुण्याने एक शब्द द्यायचा आणि संगणकाने त्यावरून कविता रचायची, अशी योजना होती. लोक प्रेम, शांती, आशा देत होते. यांनी 'ऑडिट' दिला. संगणक कितीही हुशार असला तरी त्या दिवशी त्याचा कस लागला असणार.

लक्झेंबर्ग हा गोव्याहूनही लहान देश, पण त्याच्या मंडपातून बाहेर पडायला घसरगुंडी होती. जिनाही होता. मी जिन्याकडे वळले. मागे बघते तर हे नाहीत. खाली पोचले तेव्हा पोरांच्या मागोमाग, फाईल पोटाशी धरून, हे येताना दिसले. मास्क कपाळावर, मेंदीचे केस उभे. त्या क्षणी दारावरच्या मुलाने त्यांच्या पासपोर्टावर विश्वास ठेवला नसता.

आमचं खरं भांडण मात्र शिक्क्यांवरून झालं. वीस दिरहमला एक पिवळा पासपोर्ट मिळायचा. प्रत्येक मंडपात त्याच्यावर त्या देशाचा शिक्का. यांच्या डोळ्यांत मी लेखा खात्याची जुनी चमक पाहिली. पाहता पाहता हे मंडप बघायचे सोडून शिक्के गोळा करायला लागले. बऱ्याच देशांनी शिक्का दारातच ठेवला होता, आत जायची गरज नाही. हे एका देशाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात. मी म्हटलं, "देशात पाऊल न ठेवता शिक्का? ही खोटी हजेरी झाली." ते म्हणाले, "कागद पूर्ण पाहिजे. देश काय, जागेवरच आहे." मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणवाल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचे, तेव्हा तो लपवायला लोक बाही ओढून घ्यायचे आणि गाडीत दिसला तर सहप्रवासी साखळी ओढायचे. आता तीच माणसं पैसे भरून, रांगेत उभं राहून शिक्के मारून घेत होती. यांचं पुस्तक भरलं. माझ्यात मोजके, पण प्रामाणिक.

संध्याकाळी एक्स्पोतल्याच अल वस्लच्या घुमटाखाली बसलो. पोलादी जाळीचा, सदुसष्ट मीटर उंच. अंधार पडला की सगळ्या घुमटावर रंग आणि चित्रं धावायला लागायची. हजारो माणसं मांडी घालून वर बघत होती. गर्दीत कुणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत बसला. "सॉरी, आंटी." मला राग यायला हवा होता. पण दोन वर्षांत अनोळखी माणसाचा धक्का लागला नव्हता, आणि मी त्या मुलीला अगदी मनापासून "नो प्रॉब्लेम" म्हटलं. विरार लोकलमध्ये जे फुकट मिळायचं, त्यासाठी मी समुद्र ओलांडून आले होते.

बाकी दुबई आम्ही रिवाजापुरती पाहिली. बुर्ज खलिफा खालून पाहिला. मान तशीही मागे टाकायची सवय झाली होती. एका दिरहमात 'अब्रा' या लाकडी होडीत बसून खाडी ओलांडली. पलीकडे देऱ्यात सोन्याचा बाजार लागतो, हे यांना आधीच माहीत असावं, कारण तिथे पोचताच त्यांचा गुडघा बरा झाला आणि ते भराभर चालायला लागले. १ जानेवारीपासून अमिरातीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर गेली. भाचा बिचारा शुक्रवारी सकाळी गादीवर उठून बसायचा आणि आज आपण कामाला जायचं की नाही, हे बायकोला विचारायचा. जगात सगळीकडेच वार चुकलेले होते.

तोवर ओमिक्रॉनने मुंबई गाठली होती आणि एक्स्पोतही काही मंडप निर्जंतुक करायला मधेच बंद ठेवू लागले होते. आम्ही दुबईत असतानाच मुंबई महापालिकेचा नियम आला: दुबईहून येणाऱ्या मुंबईकरांनी सात दिवस घरातच विलगीकरणात राहायचं, सातव्या दिवशी चाचणी. विमानात शेजारी नाशिकचे एक गृहस्थ होते. मुंबईबाहेरच्यांना तर सार्वजनिक वाहनाने घरीही जाता येणार नव्हतं. त्यांची चिंता जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गेली होती. यांनी त्यांना आपल्या फाईलमधली एक जादा प्रत देऊ केली. कसली ते कुणीच विचारलं नाही.

सोसायटीत आमचं स्वागत रिकाम्या जिन्याने केलं. खिडक्या मात्र भरलेल्या होत्या. शेजारच्या काकू दुधाची पिशवी कडीला अडकवून, चार पायऱ्या खाली उतरून मग बेल वाजवायच्या. "खजूर आणलेत ना? मग असू देत, नंतर द्या." खजुराला ओमिक्रॉन होतो का, हे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

चौकशीचे फोनही यायचे. एक मुलगी, आवाज गोड, यादी पाठ.

"आजोबा, ताप? खोकला? वास येतोय?"

"येतोय. कढी चाललीय."

"घरात ज्येष्ठ नागरिक कोणी आहेत का?"

"आहेत ना. दोन."

"मग आजोबा, त्यांना तुमच्यापासून वेगळ्या खोलीत ठेवा. त्यांना धोका जास्त असतो."

यांनी फोन ठेवला, मला हाक मारली आणि गंभीरपणे विचारलं, "आपण आता आपल्यापासून लांब कसं राहायचं?"

विलगीकरणाची शिक्षा दुसऱ्या कुणाला झाली असेल. आम्ही त्यातच मुरलेलो होतो. फक्त या खेपेला बोलायला विषय होता. हे फोनवर प्रत्येकाला "सगळे देश पाहिले" असं सांगायला लागले आणि माझ्यातली बाई जागी झाली. दुपारच्या चहानंतर मी तो पिवळा पासपोर्ट मागून घेतला आणि तोंडी परीक्षा सुरू केली.

"लेसोथो. शिक्का आहे तुमच्याकडे. कुठे आलं?"

"आफ्रिकेत." अंदाज बरोबर.

"शेजारी कोण?"

"बरेच असतील."

"एकच. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका. आणि अख्खा देश समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, जगात असा तो एकटाच. लिहून घ्या."

आणि हे खरंच लिहून घ्यायचे. प्रत्येक शिक्क्यासमोर राजधानी, नदी, पीक. सुरिनाममध्ये भोजपुरीतून घडलेली भाषा बोलणारी माणसं आहेत, हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी त्यांच्या दारातून परत आलो?" "शिक्का मारून," मी म्हटलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला हा एक विद्यार्थी मिळाला. बाहेर जायची बंदी, मागचा बाक नाही, आणि डबा खाऊन पळून जायची सोय नाही.

सातव्या दिवसाची चाचणी निगेटिव्ह आली. तोवर १० जानेवारीपासून साठीच्या वरच्या सहव्याधीवाल्यांना तिसरा डोस सुरू झाला होता आणि आमच्या मधुमेहाला पुन्हा मान आला होता. वन्संनी विचारलं, "काय मिळवलंत त्या वयात जाऊन?" हे मी बराच वेळ मनात घोळवलं, मग म्हणाले: या वयात हातात वर्षं मोजकी असतात, आणि त्यांतली दोन तर कुणालाच न विचारता कापून घेतली होती. त्यातले काही दिवस आम्ही परत वसूल केले. वन्सं काही बोलल्या नाहीत. यांनी मात्र ते ऐकलं, कारण 'वसूल' हा शब्द त्यांच्या खात्यातला.

त्याच रात्री कपाटातून नवी फाईल निघाली. पुढचं जागतिक एक्स्पो जपानात, ओसाकाला होणार होतं. यांनी वळणदार अक्षरात फाईलवर लिहिलं: 'ओसाका २०२५'. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि कंसात भर घातली: '(किंवा २०२६)'.